सातवा टेक

एक गोष्ट मी वीस वर्षं कुणालाही सांगितली नव्हती. बायकोलाही नाही; आणि तिला मी न सांगितलेल्या गोष्टी फार थोड्या, त्यातल्याही बऱ्याच तिला आधीच माहीत असतात. गोष्ट अशी, की ज्या एका गाण्यातल्या बेस गिटारसाठी लोक मला ओळखतात, ती गिटार मी वाजवलेली नाही.

गाण्याचं आणि चित्रपटाचं नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, बाकीच्यांचं काही अडत नाही.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे मागितल्या होत्या स्टुडिओतल्या गमतीजमती. त्याही आहेत, आणि त्या आधी सांगतो. कारण मनावर हे ओझं असलं तरी मी मुळात सुखी माणूस आहे. तीस वर्षं आवडीचं काम केलं, घर चाललं, आणि अजून गिटार गळ्यात अडकवली की पाठदुखी थांबते. ती काढून ठेवली की पुन्हा सुरू होते, तो भाग वेगळा.

बेस म्हणजे काय, हा प्रश्न मला नातेवाइकांच्या प्रत्येक लग्नात विचारला जातो. मी सांगतो, सिग्नलला शेजारी एखादी गाडी येऊन थांबते, काचा बंद असतात, गाणं कुठलं ते कळत नाही, नुसतं धप्प धप्प येतं. ते आमचं. यावर लोक ‘अच्छा’ म्हणून जिलबीकडे वळतात. कुणी खरंच ऐकायला थांबलाच, तर थोडं पुढे सांगतो. ताल तुम्हाला ‘केव्हा’ ते सांगतो. गाणारा ‘काय’ ते सांगतो. आपण उभे कुठे आहोत, ते बेस सांगतो. गायिका षड्जावर थांबली आणि खाली खर्जात मीही षड्जच दिला, तर घरी पोचल्यासारखं वाटतं. त्याच जागी मी धैवत दिला, तर तिचा तोच सूर एकदम पोरका वाटायला लागतो. तिनं काहीच बदललेलं नसतं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय हळवं गायली. आम्ही खाली मान घालून पुढचा स्वर शोधत असतो.

सिनेमाच्या पार्श्वसंगीतात तर आमचं काम याहून चोरटं. एका चित्रपटात एक बाई वाईट बातमी सांगायला तीन मजले चढून जाते, एवढाच प्रसंग होता. व्हायोलिनं लावून पाहिली, बासरी लावून पाहिली. दिग्दर्शक म्हणाले, हे सगळं रडतंय, तिला अजून रडायचं नाहीये. शेवटी मी सगळ्यात खालचा एकच स्वर धरला आणि तिच्या पावलांखाली नुसता सोडून दिला. ती बेल दाबते तिथं बोट उचललं. पुढे थिएटरात बसून मी पडद्याकडे नाही, प्रेक्षकांकडे पाहिलं. बेल वाजली तेव्हा पुढच्या दोन रांगा ताठ होऊन बसल्या. काय थांबलं ते त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

दुसरा चित्रपट पाहायला मात्र जिल्ह्याच्या गावी गेलो, तर माझा एकही स्वर ऐकू येईना. मध्यंतरात दरवाज्यावरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “खालचा मोठा स्पीकर फाटलाय. चार वर्षं झाली.” मग जरा विचार करून, “तक्रार करणारे तुम्ही पहिलेच.”

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. एक निर्माते माझ्या गिटारकडे बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, “चारच तारा? बाकीच्या दोन केव्हा लावणार?” दिवाळी पहाटेच्या एका कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या आजींनी मध्येच हात वर केला. “माझ्या छातीत यंत्र बसवलंय आणि तुमचं ते धुम्म थेट तिथं येतं,” म्हणाल्या. मी घाबरून आवाज कमी करायला गेलो, तर म्हणाल्या, “कमी करा असं कुठं म्हटलं? येतंय एवढंच सांगितलं.” पुण्यात दाद अशी येते, ती ओळखायला शिकावं लागतं.

आता मूळ गोष्ट.

मला हे वाद्य ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव रमेश ओव्हाळ. आम्ही त्यांना ओव्हाळदादा म्हणायचो. खडकीला एका कारखान्यात फिटर होते, राहायला दापोडीला. माझी त्यांची गाठ एका ऑर्केस्ट्रात पडली. मी विशीत होतो, ते चाळिशीत. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवसांत ते एकेका दिवशी तीन-तीन वस्त्यांत वाजवायचे, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात हजर. उंच, हाडकुळे, बोलणं कमी. त्यांनी मला पहिल्या दिवशी जे सांगितलं ते मी पुढे सगळ्यांना स्वतःचं म्हणून सांगत आलो आहे: “बोटांकडं काय बघताय, ती कुठं पळून चालली नाहीत. गाणाऱ्याच्या खांद्याकडं बघा. खांदा वर गेला की श्वास घेतला. आपण त्या श्वासाच्या खाली उभं राहायचं.”

मला ते पहिल्यापासून ‘श्रीरंगराव’ म्हणत. निम्मी चेष्टा, निम्मं अंतर. आमचं घर नारायण पेठेत. वडील शाळेत शिक्षक, पण गाण्याचे शौकीन. संगीत दिग्दर्शक अविनाश आमच्याकडे चहाला यायचा, आईच्या हातचं थालीपीठ खायचा. स्टुडिओत बेस लागला की त्याला मी आठवायचो. ओव्हाळदादा माझ्यापेक्षा चांगले वाजवतात हे वाजवणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांची ठिकाणं वेगळी आणि आमची वेगळी, असं कुणी कधी म्हणालं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. मीही त्याबद्दल कधी विचार केला नाही. ज्याला न मागता मिळतं तो करत नाही.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवार पेठेतला तळघरातला स्टुडिओ, अविनाशचा पहिला मोठा चित्रपट, सकाळी दहाची वेळ. माझी बेस गिटार त्या आठवड्यात ओव्हाळदादांकडे होती. तिच्या तारा पट्टीपासून फार वर आल्या होत्या, आणि असल्या कामाला फिटरचा हात लागतो. सेकंड शिफ्टला जायच्या आधी स्टुडिओत आणून देतो, म्हणाले. मी कोल्हापूरच्या कार्यक्रमाहून सकाळी परत यायचो होतो. आमची एसटी घाटात बंद पडली आणि मी स्वारगेटला उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते.

इकडे गायिका वेळेवर आली होती आणि तिला दुपारची गाडी होती. तेव्हा अविनाश म्हणाला, ओव्हाळ, तुम्ही डमी वाजवा.

डमी म्हणजे शिंप्याचा कच्चा टाका. गाणाऱ्याला आधार म्हणून एकानं वाजवायचं, त्यावर गाणं गाऊन घ्यायचं, आणि खरा वादक आला की त्यानं तेच नीट वाजवायचं. मग डमी पुसायचा. डमीवाल्याचं नाव कुठं येत नाही आणि त्यात कुणाला वावगंही वाटत नाही. तसा रिवाज आहे. ओव्हाळदादांनी माझीच गिटार घेतली, काचेपलीकडे गायिका दिसेल असं स्टूल ओढलं, आणि एकदाच वाजवलं. मग खडकीला निघून गेले.

मी पोचलो तेव्हा गायिका गेलेली, अविनाश तिला स्टेशनवर सोडायला गेलेला. रेकॉर्डिस्ट पेंडसे तेवढे होते. वयानं मोठे, शांत गृहस्थ. त्यांनी डमी बंद केला, मी हेडफोन चढवून गाणं ऐकलं आणि वाजवायला बसलो. एक टेक, दोन, पाच, सात. सगळे बरोबर, आणि सगळे मेलेले. अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीआधी गायिका श्वास घेते, जरा लांबच घेते, आणि माझा स्वर ठरल्या मात्रेवर नेमका त्या श्वासावर जाऊन आदळायचा. मला तिचा खांदा दिसत नव्हता. ती तर गाडीत बसून निघून गेली होती. पेंडसे म्हणाले, सातवा त्यातल्या त्यात बरा. मी म्हटलं, तोच ठेवा.

दोन दिवसांनी अविनाश ऐकायला आला. सोबत निर्माते आणि आणखी दोघं. पेंडशांनी संगणकावर दोन्ही ट्रॅकना, डमीच्या आणि माझ्या, माझंच नाव दिलेलं होतं, कारण वहीत वादक म्हणून नाव माझंच होतं. त्यांनी चुकून डमीचा ट्रॅक उघडा ठेवला आणि माझा बंद. पहिल्या दोन मात्रांतच मला कळलं. आवाज माझ्या गिटारचा, हात ओव्हाळदादांचा. तिसऱ्या ओळीपाशी तो हात थांबला, गायिकेचा श्वास पुरा होऊ दिला, आणि मग अलगद खाली उतरला.

अविनाशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “श्रीरंग, हे काय वाजवलंयस तू. कितवा टेक हा?”

पेंडसे माझ्याकडे पाहत होते. त्यांनाही तेव्हाच कळलं होतं. खरं सांगायचं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. एवढा मान त्यांनी मला दिला. मी म्हटलं, “सातवा.”

अविनाश म्हणाला, बाकीचे पुसून टाका. पेंडशांनी मान खाली घातली आणि माझे सातही टेक पुसले. त्या गाण्यात मी जे काही प्रामाणिकपणे वाजवलं होतं ते तेवढंच होतं.

गाणं चाललं. रिक्षात, रसवंतीगृहात, लग्नात. मराठी चित्रपटात वादकांची नावं फारशी कुणी छापत नाही, पण अविनाशनं सीडीवर माझं खास छापलं. कामं येत गेली. पेंडसे पाच वर्षांपूर्वी वारले; तोवर आमच्यात या विषयावर एक शब्द झाला नाही. रविवारी मी घरी शिकवतो. हिंजवडीचे दोन-तीन इंजिनिअर येतात, माझ्याहून महागाच्या गिटारी घेऊन. एकानं तिसऱ्या ओळीआधीचा तो थांबा संगणकावर मोजून आणला. “सर, तुम्ही बीटच्या इतके मागे आहात, आणि तरी फील बरोबर. हे इन्टेन्शनल आहे ना?” मी म्हटलं, चहा घेणार का. त्यानं तो विनय समजला.

इथवरचं पाप मी स्वतःला कसंबसं समजावत आलो. घाईत तोंडातून गेलेला एक शब्द, चूक दुसऱ्याची, वगैरे. पण त्याच वर्षी आणखी एक झालं. अविनाशकडे पाठोपाठ दोन चित्रपट आले. एक मी करत होतो, दुसऱ्यासाठी त्याला कुणीतरी हवं होतं. त्यानं विचारलं, “ते ओव्हाळ कसे आहेत रे? डमी बरा वाजवला होता.” मी म्हटलं, “चांगले आहेत. पण त्यांना नोटेशन वाचता येत नाही.”

हे खरं होतं. मलाही येत नव्हतं. अविनाशनं मुंबईहून दुसरा माणूस बोलावला, आणि ओव्हाळदादांबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही.

यंदाच्या चैत्रात ओव्हाळदादांच्या मुलीचा, सुजाताचा, फोन आला. ती सरकारी नोकरीत आहे. बोलणं स्वच्छ आणि थोडक्यात. बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत, वैशाख पौर्णिमेला विहारात त्यांचा सत्कार आहे, आपण यावं आणि आपलं ते गाणं वाजवावं. बाबांना ते फार आवडतं, म्हणाली. कुठंही लागलं की ते बोलायचं थांबतात.

मी दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दापोडीला गेलो. सुजाता कामावर होती. ओव्हाळदादा खिडकीशी बसून कुणाचा तरी पंखा दुरुस्त करत होते. बोटं वाकडी झाली आहेत, पण स्क्रू बरोबर बसत होते. मी येताना भाषण तयार केलं होतं, त्यातलं काही आठवेना.

म्हटलं, “दादा, त्या गाण्यातला बेस तुमचा आहे.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “वाजवला मी, आणि सांगायला तुम्ही आलात?”

मग त्यांनीच सांगितलं. पहिल्यांदा ऐकलं ते कारखान्याच्या कँटीनमध्ये, रेडिओवर, जेवताना. लगेच ओळखलं. “मग म्हटलं, आता तिसऱ्या ओळीला मी चुकणार. आणि चुकलोच.” मी म्हटलं, ती चूक नाही, लोक त्याच जागेवर जीव टाकतात. ते म्हणाले, “चूकच ती. बाईंनी श्वास लांबवला, मला वाटलं थांबतात की काय, म्हणून मी थांबलो. डमी म्हणून चालून गेलं. फायनल असतं तर मी परत वाजवला असता.” पाना शोधत शोधत पुढे म्हणाले, “मला कुणी परत वाजवायला सांगितलंच नाही.”

तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. हा प्रश्न विचारणं म्हणजे निर्लज्जपणाच, पण विचारला.

“कुणाला बोलणार? पेंडशांना माहीत, तुम्हाला माहीत. ज्याला माहीत नाही तो पुरावा मागणार. पुरावा म्हणजे तुम्ही.”

हे सगळं ते इतक्या सहज बोलत होते, की मला हलकं वाटायला लागलं. आणि त्या हलकेपणात मी नोटेशनचंही सांगून टाकलं. तेव्हा त्यांचा हात थांबला. उठले, माठातलं पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायले. पाठ माझ्याकडे होती.

“हे मला माहीत नव्हतं,” म्हणाले. “मला वाटलं, त्यांना माझं वाजवणं पटलं नसेल. म्हणून मी पुढं कुणाकडं गेलोच नाही.” मग वळून माझ्याकडे सरळ पाहत म्हणाले, “टेकचं काय, ते त्या वेळी घडून गेलं. हे तुम्ही विचार करून केलंत.”

म्हटलं, सत्काराच्या दिवशी मी माइकवरून सगळ्यांसमोर सांगतो.

“तिथं नाही,” ते म्हणाले. “तिथं माझा सत्कार आहे. तुमचा कबुलीजबाब नाही. तुमच्या लोकांत सांगा. नाव तिथं लागलंय.” आणि पंखा पुन्हा पुढ्यात ओढत, “सुजाताला तुम्हीच सांगायचं. मी इतकी वर्षं नाही सांगितलं. तिला सांगितलं असतं तर ती तुमच्या दारात आली असती. ती माझ्यासारखी नाही.”

त्याच वेळी जिन्यात पावलं वाजली आणि सुजाता आली. मला पाहून खूश झाली. “सर, वाजवणार ना मग?” मी तोंड उघडायच्या आत ओव्हाळदादा म्हणाले, “त्यांच्या बोटाला लागलंय.” माझी दहाही बोटं धडधाकट गुडघ्यावर होती. तिनं ती पाहिली आणि चहा ठेवायला आत गेली.

पौर्णिमेला मी गेलो. तिसऱ्या रांगेत बसलो. सुजातानं माइकवरून सांगितलं, की बाबांचे शिष्य, ज्यांनी अमुक गाण्यात बेस वाजवला ते, आज आपल्यात आहेत. मला उभं राहावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओव्हाळदादा पांढऱ्या सदऱ्यात समोर बसले होते; त्यांनीही वाजवल्या, थांबून थांबून, सगळ्यांच्या नंतरपर्यंत. मग त्यांच्या कारखान्यातले दोघं बोलले, वस्तीतल्या बाया बोलल्या. कुणाकुणाच्या मिक्सरपासून ते विहाराच्या लाउडस्पीकरपर्यंत त्यांनी काय काय दुरुस्त केलं, याची यादी संपेना. गाण्याचा उल्लेख माझ्यापुरताच झाला. खीर चांगली होती. दादांनी दोनदा घेतली आणि मलाही आग्रह केला. तो माणूस त्या दिवशी आनंदात होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या आनंदाला माझी काहीही गरज नव्हती हेही.

त्यानंतर मी कामाला लागलो. आधी अविनाशला फोन केला. तो आता मुंबईत असतो. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, “म्हणजे वीस वर्षं मी कौतुक करतोय ते त्यांचं?” हो म्हटलं. “आणि ते नोटेशनचं?” तेही सांगितलं. म्हणाला, “अरे, नोटेशन मला तरी कुठं येतं.” फोन ठेवताना त्याचा आवाज बरा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं सीडी काढणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं, की आता मोबाइलवर गाण्याखाली जी नावं दिसतात त्यांत बेसपुढचं नाव बदला. उत्तर अजून आलेलं नाही.

बायकोला सांगायला सुरुवात केली, पण तोंडून नीट निघेना. म्हटलं, लेख झाला की वाचायला देतो. ती म्हणाली, थोडा थोडा अंदाज होता. मागच्या रविवारी विद्यार्थ्यांना मात्र पुरतं सांगितलं. थांबा मोजून आणणाऱ्या इंजिनिअरनं वही मिटली. मग म्हणाला, “सर, मग तुमचं स्वतःचं असं कुठलं ऐकू?” मी त्याला त्या बाईच्या तीन जिन्यांचा प्रसंग काढून दिला. त्यानं हेडफोन लावून ऐकला आणि म्हणाला, हे छान आहे. मला तेवढं पुरलं. खोटं कशाला बोलू, बरंच पुरलं.

आणि हा लेख. माझे लोक हा अंक वाचतात, म्हणून इथं लिहितो: त्या गाण्यातला बेस रमेश ओव्हाळ यांनी वाजवला आहे. एकाच टेकमध्ये, डमी म्हणून, शिफ्टला जाता जाता. सातव्या टेकला मी वाजवलेलं पुसलं गेलं आहे आणि ते पुसण्याच्याच लायकीचं होतं.

सुजाताच्या कार्यालयात मी आजवर दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा दादांच्या तब्येतीबद्दल बोललो, चहा प्यायलो आणि परत आलो. अंक छापून तिच्या हातात पडायच्या आत तिला हे माझ्या तोंडून कळायला हवं.

एका वाक्यानं मी त्यांचं स्टुडिओतलं आयुष्य बंद केलं. ते मला परत देता येणार नाही. सुजाताला सांगणं मला जमण्यासारखं आहे, आणि ते मी अजून केलेलं नाही.